शाळेच्या बैठकीत बोलायचं कुणी? चार पै ते पालकांची खुर्ची

(कोपरगाव इथल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



आज एका वहीपासून सुरुवात करतो. ती तालुक्यातल्या प्रत्येक जिल्हा परिषद शाळेत असते, मुख्याध्यापकांच्या कपाटात. शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकांचं इतिवृत्त तिच्यात लिहितात. आपण बोलताना तिला ‘प्रोसिडिंग’ म्हणतो. काही वर्षांपूर्वी एका शाळेत, गावाचं नाव सांगत नाही, मला ती वही चाळायला मिळाली. दर महिन्याला बैठक झालेली. दर बैठकीला सगळे सदस्य हजर. प्रत्येक ठरावाखाली ‘सर्वानुमते मंजूर’. समितीतल्या एक ताई तिथंच होत्या. त्यांना विचारलं, ताई, मागच्या बैठकीत काय बोलणं झालं? त्या म्हणाल्या, “बैठक कुठली? वही घरी आली होती. सही केली.”

हसू नका. माझ्याही सह्या अशा झालेल्या आहेत, तुमच्याही असतील. त्या ताईंना दोष द्यायला मी उभा नाही. मला सांगायचं आहे ते असं, की त्या वहीत सही करायची जागा त्या ताईंपर्यंत पोहोचायला जवळजवळ दीडशे वर्षं लागली. पैसे आधी घेतले गेले, बोलायचा हक्क फार उशिरा आला, आणि आल्यावर आपण तो सहीपुरता ठेवला. हा सगळा हिशेब आज मांडतो.

रुपयामागे चार पै

१८५४ साली वुडचा खलिता आला आणि पुढच्या वर्षी मुंबई इलाख्यात सरकारचं शिक्षण खातं सुरू झालं. खातं झालं, पण गावोगाव शाळा काढायला पैसा कुठून आणायचा? १८६३ च्या सुमारास सरकारनं तोड काढली. शेतकरी जो सारा भरतो, त्याच्यावर रुपयामागे एक आणा जादा पट्टी. १८६९ च्या कायद्यानं ती पक्की झाली. हाच लोकल फंड. आण्यातले साधारण दोन हिस्से रस्त्यांसारख्या कामांना आणि एक हिस्सा शाळांना. आण्याचे बारा पै, म्हणजे शाळेसाठी रुपयामागे चार पै.

आता आपला भाग त्या काळात कसा होता ते डोळ्यांपुढे आणा. गोदावरीचे कालवे यायचे होते. उसाचं नाव नव्हतं. बाजरी, ज्वारी, आणि पाऊस आला तर आला. त्या कोरडवाहू रानातला कुणबी चार पै भरत होता. त्याचं पोर शाळेत होतं का? बहुतेक ठिकाणी नव्हतं. गुरं कुणी वळायची? आणि शाळा कुठं असावी, मास्तर कोण असावा, काय शिकवावं, हे त्याला कुणी विचारत होतं का? तसं विचारायला बैठकच नव्हती. कलेक्टर, मामलेदार आणि शिक्षण खात्याचे इन्स्पेक्टर, एवढ्यांत सगळं ठरायचं.

फुल्यांचं निवेदन

ही गोष्ट पहिल्यांदा सरकारच्या तोंडावर स्पष्ट मांडली ती जोतीराव फुल्यांनी. जोतीरावांचं आणि आपल्या जिल्ह्याचं नातं तुम्हाला ठाऊक असेल. मिस फॅरार यांची मुलींची शाळा नगरला होती. ती जोतीरावांनी पाहिली आणि १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा काढली.

१८८२ साली हंटर आयोग आला. शिक्षणाची देशभर चौकशी करायला नेमलेला आयोग. १९ ऑक्टोबर १८८२ या तारखेचं निवेदन जोतीरावांनी आयोगाला दिलं. त्यावर स्वतःची ओळख कशी लिहिली? व्यापारी, शेतकरी आणि म्युनिसिपल कमिशनर. १८७६ ते १८८२ ते पुणे नगरपालिकेचे सदस्य होते. कमिटीच्या टेबलाभोवती काय चालतं हे त्यांनी आतून पाहिलं होतं.

त्या निवेदनात काय आहे? पैसा शेतकऱ्याच्या घामाचा आणि शिक्षण मिळतं वरच्या वर्गाला, ही मुख्य तक्रार. निदान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, ही मागणी. मास्तर शेतकरी वर्गातून तयार करा, म्हणजे तो लोकांत मिसळेल. त्याला निदान बारा रुपये पगार द्या. अभ्यासात शेतीची आणि आरोग्याची माहिती घाला. बघा, किती बारकाईनं लिहिलंय. ‘शिक्षण सुधारा’ असं मोघम म्हटलेलं नाही. पगाराचा आकडासुद्धा दिलाय.

आता एक गोष्ट सांगतो, ती ऐकून तुम्हाला नवल वाटेल. शाळांचा कारभार स्थानिक मंडळांच्या हाती द्यावा का, हा प्रश्न तेव्हा होताच. त्याच वर्षी लॉर्ड रिपनचा स्थानिक स्वराज्याचा ठराव झाला होता. आपल्याला वाटेल, फुले म्हणतील, द्या लोकांच्या हाती. त्यांचा सूर उलटा होता. या मंडळांवर बसणार पाटील, इनामदार, सरदार. शाळेच्या पैशावर जाणतेपणानं लक्ष ठेवणं त्यांच्याच्यानं व्हायचं नाही, तेव्हा तूर्त कारभार शिक्षण खात्याकडेच बरा, अशा अर्थाचं त्यांनी मांडलं.

याचा अर्थ फुल्यांना लोकांचा कारभार नको होता, असा काढू नका. ‘लोकांच्या हाती’ म्हणजे नेमक्या कुणाच्या हाती, हे ते विचारत होते. गावात बैठक होणं वेगळं आणि त्या बैठकीत ज्याचं पोर शाळेत आहे तो माणूस असणं वेगळं. आजच्या व्याख्यानातून एकच गोष्ट घरी न्यायची असेल तर ही न्या.

बोर्डाची शाळा

‘स्कूल बोर्ड’ हा शब्द आपल्याकडे इंग्लंडातून आला. तिथं १८७० च्या कायद्यानं गावोगाव, शहरोशहरी शाळांसाठी निवडून आलेली मंडळं झाली. विशेष म्हणजे बायकांना पार्लमेंटच्या मताचा हक्क नसताना या मंडळांवर निवडून येता येत होतं. लंडनच्या पहिल्याच स्कूल बोर्डावर एलिझाबेथ गॅरेट आणि एमिली डेव्हिस निवडून आल्या. १९०२ साली ती मंडळं मोडली, पण तोवर कल्पना जगभर गेली होती. अमेरिकेत आजही गावाचं स्वतःचं स्कूल बोर्ड असतं. त्याच्या जाहीर बैठकीत साध्या नागरिकाला उठून बोलायला बहुतेक ठिकाणी दोन-तीन मिनिटं राखून ठेवलेली असतात. बोलणाऱ्याचं म्हणणं नोंदलं जातं.

आपल्याकडे १८८४ च्या कायद्यानं जिल्हा आणि तालुका लोकल बोर्डं आली. मताचा हक्क मिळकतीवर बेतलेला. म्हणजे फुल्यांना ज्यांची धास्ती होती तीच मंडळी आत. पुढं १९११ साली गोखल्यांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचं बिल मांडलं, ते १९१२ ला नामंजूर झालं. १९१७ साली शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात सक्तीचं आणि मोफत शिक्षण करून दाखवलं. आणि १९२३ साली मुंबई इलाख्याचा प्राथमिक शिक्षण कायदा आला. शिक्षणमंत्री होते रँग्लर परांजपे. या कायद्यानं प्राथमिक शाळा जिल्हा लोकल बोर्डांकडे आल्या आणि त्या चालवायला स्कूल बोर्ड नेमलं गेलं. जुनी माणसं अजून म्हणतात ना, “आम्ही बोर्डाच्या शाळेत शिकलो”? ते बोर्ड हे.

आता कारभार जिल्ह्यात आला. मग काय झालं? दोन गोष्टी झाल्या आणि दोन्ही आपल्याला आजही ओळखीच्या वाटतील.

पहिली म्हणजे मास्तरांच्या बदल्या. मेंबराच्या मर्जीतला मास्तर घराजवळ, मर्जीबाहेरचा लांब. निवडणुकीत कोण कुणाकडून फिरला यावर बदल्या होऊ लागल्या. तक्रारी इतक्या वाढल्या की १९३८ साली, बाळासाहेब खेरांच्या मंत्रिमंडळाच्या काळात, कायदा दुरुस्त करून बोर्डाच्या अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्ह ऑफिसरवर सरकारनं आपला ताबा आणला. नोकरशाहीकडून लोकांकडे आलेली गोष्ट लोकांनीच नीट न वापरल्यामुळे पुन्हा नोकरशाहीकडे निम्मी परत गेली.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर. त्याच १९२३ साली मुंबई कायदेमंडळात सी. के. बोले यांनी ठराव मांडला आणि तो मंजूर झाला. सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा, शाळा अस्पृश्यांना खुल्या. पण शाळेच्या ओट्यावर बसवलेलं पोर आत घ्यायचं की नाही, हे प्रत्यक्षात ठरवणारे गावातलेच. १९२८ ला नेमलेल्या स्टार्ट समितीत डॉ. आंबेडकर सदस्य होते. तिचा अहवाल १९३० ला आला. ठराव होऊन सात वर्षं झाली तरी मुलांना वेगळं बसवण्याचा प्रश्न सुटलेला नव्हता, हे त्यातून दिसतं. म्हणजे गावाचा आवाज म्हणून जो आवाज पुढं येतो, तो कधी कधी गावातल्या निम्म्या लोकांच्या विरुद्धचा असतो. फुल्यांचा प्रश्न पुन्हा उभा राहतो. खुर्चीवर कोण आहे?

नगर लांब आहे

१९४७ साली नवा प्राथमिक शिक्षण कायदा झाला, जिल्हा स्कूल बोर्डं राहिली. मग १९६१ चा जिल्हा परिषदेचा कायदा आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा. स्कूल बोर्डं गेली, शाळा परिषदेकडे आल्या, शिक्षण समिती आली, शिक्षण सभापती आले. नगरपालिकांच्या शाळांसाठी शिक्षण मंडळं मात्र कितीतरी वर्षं टिकली. राज्यानं ती मोडायचा कायदा केला तो २०१३ साली.

जिल्हा परिषदेनं काम केलं नाही असं मी म्हणणार नाही. वाड्या-वस्त्यांवर शाळा गेल्या त्या याच काळात. आपल्या तालुक्यात घरं गावठाणात कमी आणि रानात, वस्तीवर जास्त. वस्तीपर्यंत शाळा गेली म्हणून कितीतरी पोरी शिकल्या.

पण बैठक गेली नगरला. क्षेत्रफळानं आपला जिल्हा महाराष्ट्रात सगळ्यांत मोठा. कोपरगाव ते नगर शंभरेक किलोमीटर. वस्तीवरच्या आईनं शाळेच्या गळक्या छपराबद्दल बोलायचं तर कुठं? सभापतींना भेटायचं तर एक दिवसाची मजुरी आणि एसटीचं भाडं घालवायचं. मग माणसं काय करायची? पुढाऱ्याला गाठायची. पुढारी साहेबांना सांगायचा. काम झालं तर पुढाऱ्याचे उपकार, नाही झालं तर नशीब. जे मागायचा हक्क होता, त्याची मेहेरबानी झाली.

आपल्याच जिल्ह्यातलं उदाहरण आहे. राळेगणसिद्धीत गावानं शाळा उभी करायचं ठरवलं आणि मान्यता अडली. १९८० च्या सुमारास अण्णा हजारे जिल्हा परिषदेपुढं उपोषणाला बसले, तेव्हा गोष्ट हलली. ती नंतरची मोठी आंदोलनं सगळ्यांना माहीत आहेत, पण सुरुवातीच्या उपोषणांतलं एक गावच्या शाळेसाठी होतं. शाळेची मान्यता ही खरं तर कागदावर, बैठकीत मिटायची बाब. आत बोलायला जागा नसली की माणसाला दारात बसावं लागतं. आणि प्रत्येक गावात उपोषणाला बसणारा माणूस नसतो.

पालकांची खुर्ची

१ एप्रिल २०१० पासून शिक्षण हक्क कायदा लागू झाला. त्याचं कलम २१ नीट ऐका. सरकारी, स्थानिक संस्थेच्या आणि अनुदानित शाळेत व्यवस्थापन समिती असलीच पाहिजे. तिच्यात निदान तीन चतुर्थांश सदस्य पालक. निदान निम्म्या स्त्रिया. वंचित आणि दुर्बल घटकांतल्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा. समितीची कामं तीन मुख्य: शाळेच्या कामावर लक्ष ठेवणं, शाळेचा विकास आराखडा तयार करणं, आणि आलेलं अनुदान कसं खर्च होतं ते पाहणं. केंद्राच्या नमुना नियमांत लिहिलंय की बैठक महिन्यातून निदान एकदा व्हावी आणि इतिवृत्त लोकांना पाहायला मिळावं.

फुल्यांच्या प्रश्नाला कायद्यानं दिलेलं हे पहिलं सरळ उत्तर. खुर्चीवर कोण? ज्याचं पोर वर्गात आहे तो. चार पै भरणाऱ्या कुणब्याच्या पणतीला खुर्ची मिळाली. आणि ती वही तिच्या घरी सहीला जाते.

माझं भाषण सुरू व्हायच्या आधी इथल्याच एक ताई मला म्हणाल्या, “सर, बोललं तर लेकराला त्रास होईल.” ही भीती खोटी नाही. गुरुजी त्याच गावात राहतात, पोर रोज त्यांच्यासमोर बसतं. म्हणून इतिहासातून काढलेल्या चार साध्या गोष्टी सांगतो.

एक, बाब धरून बोला, माणसाला धरून नको. ‘गुरुजी शिकवत नाहीत’ म्हटलं की भांडण होतं. ‘तिसरीच्या बारा मुलांना अजून जोडाक्षरं वाचता येत नाहीत, त्यांच्यासाठी काय करायचं’ असं विचारलं की गुरुजीसुद्धा बोलायला लागतात. फुल्यांनी बारा रुपयांचा आकडा दिला होता, लक्षात ठेवा.

दोन, एकटं जाऊ नका. तीन आया मिळून एकच प्रश्न मांडा. मग तो कुणा एकीच्या पोराचा राहत नाही.

तीन, विषय आधी लेखी द्या आणि बैठक संपल्यावर वही वाचूनच सही करा. आपलं म्हणणं लिहिलं नसेल तर “एवढं लिहून घ्या, मग सही करते” असं शांतपणे म्हणा. वहीत नाही ते झालंच नाही. आम्ही इतिहासवाले कागदावरच जगतो, म्हणून अनुभवाचं सांगतो.

चार, समितीत काम झालं नाही तर पुढची पायरी आहे. कलम ३२ प्रमाणे स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी तक्रार करता येते. दोन्ही बाजू ऐकून तीन महिन्यांत निर्णय द्यायचा असतो. त्यावर समाधान झालं नाही तर राज्याच्या बाल हक्क संरक्षण आयोगाकडे अपील आहे. यासाठी पुढारी लागत नाही.

आणि गुरुजींच्या बाजूनंही एक सांगतो. सर्वेक्षणं, माहित्या, निवडणुकीची कामं, सगळं त्यांच्याच माथी. समिती जागी असेल तर शाळेला दोन शिक्षक मिळावेत म्हणून तीच भांडते. चांगल्या मुख्याध्यापकाला बोलणारी समिती हवी असते, कारण त्याची मागणी वर कुणी ऐकत नाही, पालकांची ऐकावी लागते.

खुर्चीबाहेर राहिलेले

शेवटाकडे येतो. दोन गोष्टी आपल्या दाराशी आहेत.

२०२३ साली कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करायची चर्चा राज्यात सुरू झाली. वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांची माहिती मागवली गेली. काही ठिकाणी मोठी शाळा खरंच बरी असेल. पण वस्तीवरची सात वर्षांची पोर कालव्याच्या कडेनं किती चालेल, हे नगरच्या किंवा मुंबईच्या टेबलावर दिसत नाही. पहिली ते पाचवीची शाळा घरापासून एक किलोमीटरच्या आत असावी, हे नियमात आहे. उद्या तुमच्या शाळेचा प्रश्न आला, तर सगळ्यांत आधी समितीचा ठराव पाहिला जावा, असा आग्रह धरता आला पाहिजे. ज्या वहीत बारा वर्षं ‘सर्वानुमते मंजूर’ एवढंच आहे, तिच्यातला तेराव्या वर्षाचा ठराव कोण मनावर घेणार?

दुसरी गोष्ट. आपला तालुका उसावर उभा राहिला. दिवाळी झाली की बीड, पाथर्डीकडून टोळ्या येतात, उसाच्या फडाजवळ कोप्या पडतात. त्या कोप्यांतल्या मुलांचे आई-बाप आपल्या कुठल्याच समितीत नसतात. चार-पाच महिन्यांनी ते निघून जातात. साखरशाळा निघाल्या, त्यांच्या गावी हंगामी वसतिगृहं निघाली, तरी पोरं फडात दिसतातच. कायद्याच्या कलम ९ मध्ये स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांना प्रवेश देणं हे स्थानिक प्राधिकरणाचं कर्तव्य म्हणून लिहिलेलं आहे. पण त्यांच्या वतीनं बोलायचं कुणी? तीन चतुर्थांश खुर्च्या आपल्याला मिळाल्या आहेत. आपण आपल्याच पोरापुरतं बोललो, तर फुल्यांनी पाटील-इनामदारांवर जो ठपका ठेवला, तो आपल्यावरही येईल.

तर विनंती एवढीच. तुमच्या शाळेत समितीची पुढची बैठक कोणत्या तारखेला आहे, हे उद्या सकाळी पोरांना सोडायला जाल तेव्हा विचारा. सदस्य नसलात तरी विचारा. मागच्या बैठकीचं प्रोसिडिंग वाचायला मागा. आणि डिसेंबरात बैठक असेल तर एक विषय लेखी द्या: गावाच्या शिवारात किती कोप्या पडल्या, त्यांत शाळेच्या वयाची मुलं किती, आणि त्यांतली किती आपल्या हजेरीपटावर आहेत. हे तीन आकडे वहीत आले, तर त्या महिन्याची बैठक झाली असं मी म्हणेन.

आता तुम्ही बोला, मी ऐकतो.